मनगटावरचा आकडा वाचणार कोण? : सार्वजनिक आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : दीर्घ आजाराच्या वयस्कर रुग्णांना हेल्थ बँड वाटण्याआधी त्यावरचे आकडे वाचणारा माणूस नेमण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

नोकरीत असते तर हे पत्र मला 'योग्य मार्गाने' पाठवावे लागले असते. म्हणजे आधी वैद्यकीय अधिकारी, मग तालुका, मग जिल्हा, आणि ते आपल्या टेबलावर पोचेस्तोवर माझी निवृत्ती आली असती. आता ती येऊन गेली आहे, त्यामुळे थेट लिहिते. तेहतीस वर्षे सिंधुदुर्गातल्या उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून काढली. खात्याच्या कागदावर एएनएम, गावात 'सिस्टर', आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'नर्सबाय'. आज घरात एक रुग्ण आहे, ७२ वर्षांचा, माझे यजमान. पंधरा वर्षांची शुगर, पाच वर्षांपूर्वी हार्ट अटॅक, तेव्हापासून हृदयाचे पंपिंग ३५ टक्के. मनगटावर मुलाने डोंबिवलीहून पाठवलेले स्मार्टवॉच.

पत्राचे निमित्त मात्र ते घड्याळ नाही. गेल्या वर्षी एका संस्थेने आमच्या गावातल्या ज्येष्ठांना हेल्थ बँड वाटले. शाळेच्या व्हरांड्यात कार्यक्रम झाला. सतरंजी, नारळ, दोन भाषणे. नाडी, ऑक्सिजन, पावले, झोप, सगळे म्हणे आपोआप मोजले जाणार आणि मोबाइलवरून वर जाणार. वर म्हणजे कुठे, असे मी विचारले. बँड बांधणाऱ्या पोराने बोट आकाशाकडे केले आणि म्हणाला, क्लाउडवर. आमच्याकडे जूनपासून ढगांना तोटा नसतो, पण त्यांतला एकही अजून कोणाची शुगर विचारायला खाली उतरलेला नाही.

तीन महिन्यांनी मी सहज फिरून पाहिले. जुनी सवय. एक बँड तांदळाच्या डब्यात होता, हरवू नये म्हणून. दोघांच्या चार्जरच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. एका आजोबांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता, आणि त्यांना मी काही बोलले नाही. शेजारच्या आजींचा बँड त्यांचा चौथीतला नातू शाळेत घालून जायचा. त्यामुळे गुडघ्यांनी धरलेल्या, पडवीची पायरीही न उतरणाऱ्या आजी मोबाइलवर रोज अकरा हजार पावले चालत होत्या. तुम्ही का नाही घालत, म्हणून विचारले तर म्हणाल्या, "ह्या घड्याळ माका सांगता, ऊठ आणि चल. गुडघे तेचे की माझे?"

आम्ही सगळ्या हसलो. घरी येताना मात्र ते अकरा हजार डोक्यातून जाईनात. ७८ वर्षांची बाई रोज सात-आठ किलोमीटर चालते असा आकडा तीन महिने जात राहिला आणि पलीकडून एकदाही कोणी फोन करून विचारले नाही की आजी, जाता तरी कुठे एवढ्या? आकडा चुकीचा होता, ते ठीक. तो कोणी वाचलाच नाही, हे मला जास्त लागले.

आता घरचे सांगते.

यजमानांसारख्या हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेशा जोराने रक्त ढकलत नसलेल्या, रुग्णाचे रोज सकाळी वजन करायचे असते. लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर चढले तर ते अंगाला लागलेले अन्न नसते, साठलेले पाणी असते. आम्ही वजन कालनिर्णयवर लिहितो, त्या तारखेच्या चौकोनात, तिथीच्या खाली. आषाढातला तो आठवडा मी फाडून ठेवला आहे : ६०.२, ६०.४, ६१.३, ६२.५. चौथ्या सकाळी घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला. दोन उशांवर झोपणारा माणूस तिसरी मागू लागला होता. घड्याळ काय म्हणत होते? नाडी ८२, ऑक्सिजन ९६, झोपेला ७४ गुण. डोंबिवलीत मुलाने आपल्या फोनवर तेच पाहिले आणि मला मेसेज टाकला, "बाबा आज छान झोपले ना?"

घड्याळ खोटे बोलत नव्हते. त्याला जेवढे विचारले होते तेवढे ते सांगत होते. पाय सुजलेत का, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

त्या सकाळी मला एवढेच हवे होते : यजमानांची फाइल ठाऊक असलेल्या कोणा डॉक्टरने फोनवर म्हणावे, "लघवीची गोळी आज-उद्या दीड द्या, परवा वजन कळवा." माझ्या हातून आयुष्यभर गोळ्या वाटल्या गेल्या, पण घरच्या माणसाचा डोस मनाने वाढवू नये एवढे मला शिकवलेले आहे. किडनी बघावी लागते, पोटॅशियम बघावे लागते. म्हणून फोन लावत बसले. जिथे उपचार चालू होते तिथे घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा कळले, त्या डॉक्टरांची ओपीडी गुरुवारी. उपकेंद्रात टेली-ओपीडी असते, म्हणजे पडद्यावरून डॉक्टर, पण ती जोडून देणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) मॅडम तालुक्याला मीटिंगला गेलेल्या. दुपारी त्या धावतपळत आल्या, जोडणी झाली, पडद्यावर एक तरुण डॉक्टर आला. चांगला बोलला बिचारा, पण त्याच्यापुढे जुने कागद नव्हते. मी कागद एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरतेय तोवर रेंज गेली. पुन्हा जोडले तेव्हा दुसरा डॉक्टर. दोघांनी सांगितले एकच, मोठ्या रुग्णालयात न्या. त्यांची चूक काढणार नाही. अनोळखी रुग्ण, तोही पडद्यावर, मीसुद्धा तेच म्हटले असते.

दोन रात्री काढल्या. तिसऱ्या पहाटे यजमानांना आडवे होता येईना. १०८ बोलावली आणि बांबोळी, म्हणजे गोव्याचे मोठे सरकारी रुग्णालय, गाठली. सहा दिवस भरती. शिरेतून दिले ते औषध गोळीच्या रूपात आमच्या फळीवर होतेच.

खात्याच्या नोंदीत त्या दुपारी आमचे दोन टेली-सल्ले झाले असणार. दोन्ही यशस्वी.

माझी भाची जर्मनीत नर्स आहे. तिला हे सगळे सांगितले तर ती म्हणाली, मावशी, आमच्याकडे अशा पेशंटचे वजन चढले की केंद्रातून घरी फोन जातो. मग तिने मला दोन अभ्यास समजावून सांगितले. पहिला अमेरिकेतला, २०१० साली छापलेला. हार्ट फेल्युअरचे १,६५३ रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांनी रोज एका फोनलाइनवर आपले वजन आणि लक्षणे सांगायची. पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज. क्लिनिकमधल्या लोकांनी सुट्टीचे दिवस सोडून, आपली नेहमीची कामे सांभाळून ते बघायचे. सहा महिन्यांनी हिशेब केला तर मृत्यूंत आणि पुन्हा भरती होण्यात काहीच फरक नाही. सातातला एक जण तर त्या लाइनवर एकदाही आला नव्हता, आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्यातून तीनदा फोन करणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते.

दुसरा जर्मनीतला, २०१८ चा, १,५७१ रुग्णांचा. घरात वजनकाटा, बीपी मशीन, छोटे ईसीजी यंत्र. आकडे जायचे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या केंद्रात, जिथे डॉक्टर आणि नर्स चोवीस तास याच कामाला बसलेले. वजन चढले की तिथून फोन जायचा, डोस बदलायचा, गरज पडली तर गावातल्या डॉक्टरला कळवले जायचे. दर शंभर रुग्णांमागे वर्षाला मृत्यू ७.९, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ११.३. डिसेंबर २०२० मध्ये जर्मनीने ही सेवा सरकारी विम्यात घेण्याचा निर्णय केला. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण अगदी सारखे नव्हते, हेही भाचीने बजावले. पण वजनकाटा दोन्हीकडे होता. मला त्या दोन्हींत एक खुर्ची दिसते. एकीकडे ती रिकामी नसली तरी दुसऱ्याच कामात गुंतलेली. दुसरीकडे त्या खुर्चीवर बसलेल्याला दुसरे कामच नाही, आणि डोस बदलायचा अधिकार आहे.

जर्मनी लांब राहिली. बांद्यापुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे छातीत कळ आलेल्या माणसाचा ईसीजी आरोग्य केंद्रातच काढतात, तो लगेच तज्ज्ञापर्यंत जातो, आणि रक्ताची गाठ विरघळवायचे इंजेक्शन तिथल्या तिथे सुरू करायचे की नाही याचे उत्तर येते. 'स्टेमी-गोवा' म्हणतात त्याला. यंत्र साधेच आहे. उत्तर येणार हे ठरलेले आहे, म्हणून ते कामाचे.

आणि गोव्यात तरी कशाला जायचे? २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे होते सातारा, भंडारा, वर्धा आणि आमचे सिंधुदुर्ग. मी तेव्हा नोकरीत होते. त्यात दिपवण्यासारखे काही नव्हते. कोणती गोळी पहिली आणि बीपी उतरले नाही तर पुढची कोणती, याचा एक तक्ता भिंतीवर. डिजिटल बीपी मशीन. गोळ्या एकदम महिन्याच्या, म्हणजे दर आठवड्याला एसटीचे भाडे नको. आणि कोण ठरल्या तारखेला आले नाही त्यांची यादी. मंगळवारी दुपारी मी ती यादी घेऊन फोन लावायची. "काका, गोळ्यो संपल्यो ना? मगे इलात नाय तो?" पलीकडून उत्तर ठरलेले : "बरा वाटता म्हणान इलंय नाय." बरे वाटते म्हणून बीपीची गोळी बंद करणे, यापेक्षा मोठी साथ मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही, आणि तिच्यावर त्या मंगळवारच्या फोनइतके लागू पडलेले औषधही पाहिले नाही. २०२२ मध्ये त्या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाल्याचे आम्ही पेपरात वाचले. मग आज तेच सूत्र सोडून आपण बँडच्या मागे का लागतो आहोत?

साधनांबद्दलही बोलायला हवे, कारण खरेदी शेवटी आपल्याकडूनच होते.

बीपी मशीनबरोबर बहुधा एकच कफ येतो, मध्यम मापाचा, दंड २२ ते ३२ सेंटिमीटर असेल त्याला बसणारा. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांचे दंड शेवग्याच्या शेंगेसारखे आणि बाजारपेठेतल्या शेठजींचे त्याच्या दुप्पट. दंडाच्या मानाने मोठा कफ आकडा कमी दाखवतो, तोकडा कफ जास्त. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०२३) सगळ्यात मोठा कफ लागणाऱ्या माणसांना मुद्दाम नेहमीचा कफ बांधून पाहिला, तर वरचे बीपी सरासरी १९.५ ने जास्त निघाले. एवढ्या फरकावर एक गोळी वाढते. वाढलेल्या गोळीवर माणूस रात्री लघवीला उठतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि खुबा मोडून घेतो. खुबा मोडल्यावर म्हातारपणी काय होते ते मी आपल्याला सांगायला नको. तीन मापांचे कफ, वर्षातून एकदा मशीनची तपासणी आणि वेळेवर सेल, एवढे मागण्यासाठी मी किती पत्रे लिहिली ते माझ्या जावक रजिस्टरमध्ये आहे. सेल तर मी शेवटी स्वतःच्या पैशांनी आणायची.

घड्याळ मनगटावरून बीपी सांगते म्हणे. ज्या नामांकित कंपनीच्या घड्याळात ती सोय आहे, तिथेही दर २८ दिवसांनी ते दंडावरच्या मशीनशी जुळवून घ्यावे लागते. म्हणजे मशीन घरात हवेच. युरोपातल्या रक्तदाब तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की निदानासाठी किंवा औषध ठरवण्यासाठी कफ नसलेली साधने वापरू नका. आणि सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळे? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की असे एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही. आमच्याकडे ती आठवडा बाजारात मिळतात, प्लास्टिकच्या चपलांशेजारी.

ऑक्सिमीटरचे तर आपल्याला आठवत असेल. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झाली आणि आम्ही ते यंत्र घेऊन घरोघर फिरलो. बोटे गार असली की आकडा घसरायचा, मेंदी असली की भलताच यायचा, हे आम्ही तिथेच शिकलो. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली : गडद कातडीच्या रुग्णांत ऑक्सिजन खरोखर घटलेला असताना यंत्र तो ठीक दाखवते, आणि असे गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा होते. शेतात राबून काळवंडलेल्या आमच्या माणसांवर कुठल्या बँडची चाचणी झाली आहे? पुढच्या निविदेत एवढा एक प्रश्न घातलात तरी पुष्कळ.

हे वाचून म्हातारीला नवे काही नको असे आपल्याला वाटेल. तसे नाही. आमच्या ओळखीतल्या एक काकी इन्सुलिनवर आहेत, एकट्या राहतात. पहाटे त्यांना दरदरून घाम फुटायचा, हातपाय कापायचे, वाईट स्वप्ने पडायची. वर्षभर कोणी त्याला वात म्हटले, कोणी नारळ उतरवून टाकला. काकींच्या मुलाने त्यांच्या दंडावर १४ दिवसांचा शुगरचा सेन्सर लावून घेतला. तिसऱ्या रात्री तीन वाजता शुगर ५४, म्हणजे फारच खाली. त्यांचे डॉक्टर रोज तो आलेख बघत होते, कारण मुलाने तसे ठरवून घेतले होते. रात्रीचे इन्सुलिन कमी केले, घाम थांबला. त्या १४ दिवसांनी जे सापडले ते तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या रिपोर्टात कधीच दिसले नसते. सेन्सर कायम लावून ठेवायला आमच्या लोकांना परवडणार नाही, पण १४ दिवस उसना मिळाला तर? प्राथमिक आरोग्य केंद्रात कुबड्या आणि व्हीलचेअर मिळते तसे वजनकाटे, मोठे-लहान कफ आणि असे सेन्सर का मिळू नयेत, परत आणून देण्याच्या बोलीवर?

आता नियमांचे. वाटेत नियम येतात असे मला दोन अधिकाऱ्यांनी सांगितले, म्हणून मी ते मुळातून वाचून घेतले. टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० चे, लॉकडाउनच्या पहिल्या दिवसाचे. त्यात आहे की एकदा समोर बसवून तपासलेल्या रुग्णाला त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत तोच डॉक्टर फोनवर पाहू शकतो, चालू औषधांत भर घालू शकतो, आणि रुग्णाच्या वतीने घरचा माणूस किंवा आरोग्य कर्मचारी बोलू शकतो. आषाढातल्या त्या सकाळी मला जे हवे होते ते सगळे यात बसते. नियम आडवा आला नव्हता. फोन उचलणारा नव्हता.

ई-संजीवनीने, म्हणजे सरकारच्या टेली-सल्ल्याच्या सेवेने, फेब्रुवारी २०२३ मध्येच दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. त्यात ज्येष्ठ साधारण १२ टक्के. बीपी, शुगर, दमा, सांधे ज्यांच्या घरी मुक्कामाला आहेत त्यांचा वाटा एवढाच कसा? आणि यातले बहुतेक सल्ले झाले ते उपकेंद्रातल्या माणसाने रुग्णाशेजारी बसून जोडून दिले म्हणून. म्हाताऱ्या माणसाने स्वतः ॲप उघडून, ओटीपी टाकून डॉक्टर गाठला, असे मी अजून एकदाही पाहिलेले नाही. ओटीपीवरून आठवले. बँड वाटले त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर आलेला ओटीपी त्या पोराने "आजी, नंबर सांगा" म्हणत घेतला. आपली कोणती माहिती कोणाकडे जाते आहे हे त्यांतल्या एकालाही मराठीत सांगितले गेले नाही. माहिती घेण्याआधी संमती घ्यायचा कायदा २०२३ चा आहे, पण तो आमच्या व्हरांड्यापर्यंत पोचायचा आहे.

पैशांचे म्हणाल तर तेही उफराटे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्ड आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. चांगलीच गोष्ट, यजमानांचे कार्ड मीच रांगेत उभे राहून काढले. पण ते चालते भरती झाल्यावर. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी आल्यावरचे १५ दिवस त्यात धरतात. सोळाव्या दिवसापासून रुग्ण आपला आपण. आणि वजन चढायला लागते ते बहुधा त्यानंतरच. हजार रुपयांच्या आत वजनकाटा येतो, तो या योजनेत बसत नाही. तोच न घेतल्यामुळे सहा दिवस आयसीयू-वॉर्ड झाले तर मात्र सगळे बसते.

हे काम आशा सेविकांच्या गळ्यात घालू नका, ही हात जोडून विनंती. त्यांच्या पिशवीत आधीच किती रजिस्टरे आणि फोनमध्ये किती ॲप आहेत ते जाऊन मोजा. २०२४ च्या सुरुवातीला त्या मोबदल्यासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. त्यांना पुन्हा 'बँड चालू आहे का' हे बघायला घरोघर पाठवू नका.

एक शब्द आमच्या चाकरमान्यांनाही, कारण हे पत्र उघडे आहे आणि तेही वाचतीलच. आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, २०११ ला ८,४९,६५१ झाली. कमी झालेले कुठे गेले ते तुम्हालाच ठाऊक. घरात राहिलो आम्ही. तुम्ही प्रेमाने घड्याळे पाठवता, गणपतीला आलात की ती चार्ज करून, जोडून देता, आणि गौरीविसर्जनानंतर ती बंद पडतात. घड्याळाऐवजी एक करा. आई-वडिलांच्या डॉक्टरांची भेट घ्या, आणि त्यांचा फोन कधी उचलला जातो, न उचलल्यास कोणाला करायचा, हे विचारून मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवा. माझ्या मुलाने आता तसा कागद लावला आहे. त्याला हे सुचायला बांबोळी लागली.

आपल्याकडे मागणे मोठे नाही. एक तालुका घ्या, हवा तर आमचाच घ्या. हार्ट फेल्युअरचे, जुन्या दम्याचे आणि इन्सुलिनवर असून एकटे राहणारे, एवढेच रुग्ण आधी धरा. त्यांच्यासाठी तालुक्याला दोन नर्स आणि त्यांना विचारता येईल असा एक डॉक्टर, ज्यांना मीटिंग, लसीकरण आणि निवडणुकीची ड्युटी लागणार नाही. 'अमुक साठी एक दाबा' असले काही नको, साधा नंबर द्या, ज्यावर रोज तोच आवाज येईल. बीपीच्या उपक्रमात होता तसा भिंतीवरचा तक्ता : वजन एवढे चढले तर गोळी एवढी, लघवी कमी झाली तर रक्त तपासा, दम लागला तर थेट १०८. ज्याने त्या दिवशी वजन कळवले नाही त्याला दुपारपर्यंत फोन. वर्षअखेरीस बँड किती वाटले ते मोजू नका. किती फोन केले, किती डोस बदलले आणि मागच्या वर्षीपेक्षा किती कमी लोक गाडीतून बांबोळीला किंवा कोल्हापूरला गेले, ते मोजा. मग वाटले तर त्या खुर्चीच्या पुढ्यात घड्याळे आणा, पट्टे आणा, क्लाउड आणा. मी स्वतः नारळ फोडीन.

माणसे कुठून आणायची, असे आपण विचाराल. माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर तालुक्यात आठ-दहा तरी असतील. आमचे गुडघे गेलेत, कान आणि डोके शाबूत आहे. गावातली घरे पाठ आहेत, कोण गोळी खातो आणि कोण उशाखाली ठेवतो तेही पाठ आहे. मानधनावर बसवा, वर्षभर करून दाखवतो.

यजमानांचे आजचे वजन ५९.८ आहे. उत्तर पत्राने दिलेत तरी चालेल. फोन करणार असाल तर सकाळी साडेसात ते साडेआठ करावा. वजन लिहून झाले की मी सड्यावर काजूच्या बागेत असते, आणि दोन कांड्या रेंज तिथेच मिळते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. सिंधुदुर्ग